राजाला वाचता येत नाही

५ सप्टेंबर. टिसिनम.

आज राजा झालो.

मैदानात सैन्य जमलं, चौघांनी मला ढालीवर उभं करून खांद्यावर घेतलं. डावीकडचे दोघे बुटके निघाले, त्यामुळे जयघोष संपेपर्यंत मी तिरका उभा होतो. कोणाच्या लक्षात आलं नसावं. केस मोकळे सोडले होते, ते वाऱ्याने तोंडात गेले आणि शपथेतले काही शब्द नीट उमटले नाहीत. बाकी सोहळा उत्तम.

मलाच का निवडलं यावर विचार केला. कारणं उघड आहेत. उंची. पुलावरच्या लढाईत मी मागे हटलो नाही (घोड्याचा पाय फळ्यांत अडकला होता, पण तो तपशील). शिवाय चेहऱ्यावर एक तेज आहे. आधीच्या राजाकडे यातलं काहीच नव्हतं. ग्रीकांनी त्याला तहाला बोलावलं आणि जेवणाच्या पानावरच मारलं. ग्रीक म्हणजे सम्राटाचं सैन्य. दहा वर्षं झाली, इटलीतून जायचं नाव घेत नाहीत.

संकल्प. वसंतापर्यंत आमची जुनी राजधानी रावेन्ना परत घ्यायची. खारवलेलं डुकराचं मांस रात्रीच्या जेवणात बंद. आणि ही रोजनिशी कोणाच्या हाती लागू द्यायची नाही.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. आम्हा गॉथ लोकांत समजूत अशी, की लहानपणी जो मास्तरच्या छडीला घाबरला तो मोठेपणी भाल्यासमोर उभा राहत नाही. म्हणून सरदाराच्या पोराला लिहायला शिकवत नाहीत. मला आणि धाकट्या गुडिलाला आईने शिकवलं, चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने. छडी नव्हतीच, पण हे सैन्याला कोण समजावणार? गुडिलाला ठाऊक आहे, माझ्या बायकोला, रानिलोला, ठाऊक आहे. बाकी कोणाला नाही.

प्रार्थनाघराला लागून मेणबत्त्या ठेवायची खोली आहे. तिथे बसून लिहितो. दिवसातून दोनदा जातो. राजा फार भाविक आहे असं गावात झालंय. होऊ दे.

९ सप्टेंबर.

पहिला कठोर निर्णय घेतला. समाधान वाटलं.

सभेत पत्रं वाचायला एक म्हातारा रोमन होता. त्याने भर सभेत वाचलं, की आणखी दोन शहरांनी ग्रीकांना दरवाजे उघडले. सरदार खवळले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, काहीतरी करणं भाग होतं. मी म्हणालो, याला नदीत फेका.

फेकला. सप्टेंबर असल्याने नदीला पाणी गुडघाभर. म्हातारा उठला, कपडे पिळले, पलीकडच्या काठावर चढला आणि तसाच चालत निघून गेला. ग्रीकांना मिळाला म्हणतात. तरी धाक बसलाच.

त्याच्या जागी लुपिसिन नावाचा एक बारीक माणूस घेतला. तोही रोमन. फेकाफेकीच्या वेळी तो काठावरच उभा होता. पाहत होता.

१३ सप्टेंबर.

लुपिसिन आल्यापासून बातम्या फार चांगल्या येतात.

आज त्याने वाचलं, की ग्रीक सेनापतीला हगवण लागली आहे आणि त्याचे घोडेस्वार पगारावरून भांडतायत. सभेत आनंदीआनंद. नंतर राजमुद्रेसाठी पत्रं माझ्यापुढे आली. आमच्याकडे एक सोन्याची पट्टी आहे, तिच्यात एक लॅटिन शब्द कोरून आरपार काढलेला: 'वाचले'. पट्टी कागदावर ठेवायची आणि फटीतून लेखणी फिरवायची. ज्याला वाचता येत नाही अशा राजाने 'वाचले' म्हणून सही करायची. ही पद्धत कोणी काढली देव जाणे, पण आजवर कोणाला हसू आलेलं नाही.

मी लेखणी मुठीत धरतो, कुऱ्हाड धरावी तशी. जीभ थोडी बाहेर काढतो. सराव केला आहे. आज मुद्दाम एक डागही पाडला.

आणि तेवढ्यात नजर ओळींवर गेली. हगवण वगैरे काही नव्हतं. ग्रीकांना समुद्रातून नवी कुमक आली आहे, असं होतं.

बोलायचं कसं? 'तुम्हाला कसं कळलं' म्हणाले तर? शिवाय सभा इतकी खुशीत होती. योग्य वेळी बघू.

मी सही करत असताना म्हातारा वाल्डफ्रिड माझ्याकडे टक लावून बघत होता. साठीचा आहे, पण अजून दोन हातांनी कुऱ्हाड चालवतो. त्याची मुलगी हिल्डेवारा आमच्या गुडिलाची बायको. नात्याचा माणूस, पण माझ्या मुकुटावर डोळा आहे त्याचा. सांभाळून राहायला हवं.

संकल्प: वाल्डफ्रिडपुढे जीभ जास्त बाहेर काढायची.

२८ सप्टेंबर.

गुडिलाचं पत्र आलं.

तो सरोवरातल्या बेटावरचा किल्ला धरून आहे. तीनशे माणसं, त्यांत बायका-मुलं. ग्रीकांच्या नावा चारी बाजूंनी. एक नावाडी रात्रीतून पोहत निसटला आणि पत्र मेणकापडात गुंडाळून घेऊन आला.

लुपिसिनने पत्र उघडलं. ओळींवरून नजर फिरवली, घसा साफ केला आणि वाचलं: इकडे सर्व कुशल, मासे मुबलक, पोरं गुबगुबीत झाली आहेत, हिवाळाभर सहज टिकू, काळजी नसावी.

सभा हसली. कोणीतरी म्हणालं, 'गुडिला मजेत आहे लेकाचा, आम्ही इथे बाजरीची पेज पितोय.' वाल्डफ्रिड हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मान डोलावली. राजाने अशा वेळी शांत दिसलं पाहिजे.

मग नेहमीसारखा प्रार्थनेला आलो. पत्र अंगरख्यात.

गुडिलाचं अक्षर अजून तसंच, उजवीकडे झुकलेलं. आई त्याच्या डोक्यात टपली मारायची त्यावरून. लिहितो:

'दादा, हे दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. धान्य संपलं. घोडे खाऊन झाले. सरोवरात मासे आहेत, पण जाळं टाकलं की ग्रीक बाण मारतात. त्यांचा सरदार भला दिसतो. नोव्हेंबरच्या एक तारखेपर्यंत किल्ला सोडला तर सगळ्यांना हत्यारांसकट जाऊ देईन म्हणतो. त्यानंतर त्याच्या वरचा माणूस येतोय, तो ऐकणारा नाही. मी तुझ्या हातात हात देऊन शपथ घेतली आहे, किल्ला राजाच्या शब्दाशिवाय सोडणार नाही. तर शब्द पाठव. एवढंच पाठव.'

खाली आणखी थोडं घरचं आहे.

पुष्कळ वेळ आहे. एक महिना. उद्या सभेत मार्ग काढतो.

३० सप्टेंबर.

मार्ग १: लुपिसिनला म्हणालो, ते पत्र परत एकदा वाच बरं, फार आवडलं. त्याने परत वाचलं. या वेळी माशांची नावंही सांगितली.

२ ऑक्टोबर.

नावाडी उत्तर घेऊन उद्या निघणार.

मार्ग २: गुडिलाला मीच स्वतः, स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं. लिहिलं. 'किल्ला सोड, शपथेतून मोकळं केलं आहे.' एवढंच हवं होतं. पण राजाचं पत्र म्हटल्यावर सुरुवातीला चार शब्द हवेत. ते लिहिले. मग एक शब्द दोनदा आला म्हणून पान बदललं. मग लक्षात आलं, की वाटेत ग्रीकांनी हे पकडलं आणि राजाला लिहिता येतं असं ओरडून सांगितलं, तर उद्या माझ्यासाठी भाला उचलायला एक माणूस राहणार नाही. मग रावेन्ना कशी घेणार? एका किल्ल्यापायी सगळं राज्य? गुडिलालाही ते आवडणार नाही.

मजकूर चांगला उतरला आहे, फक्त शेवट जमत नाहीये. सकाळी पुरा करतो.

३ ऑक्टोबर.

नावाडी पहाटेच गेला. सभेचं उत्तर घेऊन गेला. ते काल संध्याकाळीच लुपिसिनकडून लिहून घेतलं होतं, सरदारांनी मजकूर सांगितला: 'मासे खा आणि टिकून राहा.' खाली 'वाचले' मीच काढलं होतं, पट्टी ठेवून, जीभ बाहेर काढून.

गुडिला हुशार आहे. त्याला कळेल की हे माझं नाही.

८ ऑक्टोबर.

रानिलोशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली.

पत्र तिने माझ्या अंगरख्यात पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं म्हणे. विचारलं, मी सांगितलं. तिने हातातली पेजेची वाटी खाली ठेवली. म्हणाली, 'अहो, जा आणि सांगून टाका. हसतील. हसू देत. हसण्याने कोणी मेलंय का?'

मी म्हणालो, हसणार नाहीत, मुकुट काढून घेतील. ती म्हणाली, 'मग द्या. तो तसाही तुम्हाला कानांवर येतो.'

तिला राजकारणातलं कळत नाही. तिला सांगितलं, की माझ्याकडे तिसरा मार्ग आहे. तिने वाटी उचलली आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलते.

१५ ऑक्टोबर.

मार्ग ३ आज वापरला.

सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, मला स्वप्न पडलं. पांढऱ्या कपड्यांतला देवदूत आला आणि म्हणाला, गुडिलाला परत बोलाव. राजा भाविक आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून स्वप्न चालेल असा अंदाज होता.

चाललंही. अर्धा तास चर्चा झाली. एक म्हणाला, देवदूत गुडिलाचं मरण सुचवतोय. दुसरा म्हणाला, छे, लग्न. तिसऱ्याने विचारलं, देवदूत दाढीवाला होता का, कारण दाढीवाला असेल तर तो ग्रीक पंथाचा.

मग वाल्डफ्रिड उठला. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, 'राजे, पत्रात तर सगळं कुशल आहे. मग देवदूताला काळजी कसली? आपल्याला पत्रात काही वेगळं वाटलं का?'

सापळा. उघड उघड सापळा. भर सभेत मला पकडायला निघाला होता. पण मीही कच्चा नाही. म्हणालो, 'मला काय वाटणार? लुपिसिनने वाचलं तेच.'

तो 'खरंच ना?' म्हणाला. मी म्हणालो, खरंच. त्याने मोठा श्वास सोडला, मान लववली आणि जागेवर जाऊन बसला.

हरवला त्याला. थंडी वाढली आहे.

२६ ऑक्टोबर.

सहा दिवस आहेत. उद्या सांगणार. ठरलं. शब्दही ठरवले: 'सरदारहो, तुमच्या राजाला वाचता येतं.' साधं आणि रुबाबदार.

२७ ऑक्टोबर.

रविवार. अशा गोष्टी रविवारी नकोत.

२८ ऑक्टोबर.

दाढ दुखते. दाढेवर हात धरून असं वाक्य बोलता येत नाही. लवंग मिळाली नाही, युद्धामुळे काहीच मिळत नाही.

गुडिलाला लहानपणी दाढ आली होती तेव्हा तो माझ्या पांघरुणात येऊन झोपायचा. का आठवलं कोण जाणे.

२९ ऑक्टोबर.

मार्ग ४. सगळ्यांत चांगला. बोलायचंच नाही, करायचं. सैन्य घेऊन सरोवराकडे जायचं आणि वेढा फोडायचा. मग कोणाला काही सांगायला नको आणि गुडिलाही सुटेल. हे आधी का सुचलं नाही?

कागदावर तीन हजार माणसं आहेत. प्रत्यक्षात चाळीस घोडेस्वार तयार झाले. बाकीचे म्हणाले, तिकडे सगळं कुशल असताना या चिखलात कशाला? शिकारीला चाललो आहे असं सांगून निघतो. वाल्डफ्रिडने विचारलं, मीही येऊ का, लेकीला भेटून होईल. म्हणालो, तुमचं वय झालं, थंडी आहे, आराम करा.

दोन दिवसांची वाट. एकतीसला पोचतो.

३१ ऑक्टोबर.

टिसिनम. परत आलो.

पहिल्या मुक्कामापर्यंत ठीक होतं. मग नदी ओलांडायचा उतार पुराने गेलेला. माणसं म्हणाली, शिकारीसाठी पूर ओलांडायचा का राजे? वरच्या बाजूला एक मैलावर पूल आहे असं एक गुराखी म्हणाला. पण तो रोमन, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तासभर काठावर उभे राहिलो. घोडे भिजले. एक स्वार म्हणाला, रानडुक्कर इकडेही मिळेल.

मिळालं. एक.

ग्रीक सरदार भला आहे असं गुडिलाच लिहितो. भली माणसं मुदत दोन-चार दिवस वाढवतात.

६ नोव्हेंबर.

नावाडी आला. तोच. या वेळी पत्र नव्हतं, म्हणून लुपिसिनला काही करता आलं नाही.

नावाडी सभेच्या मधोमध उभा राहिला आणि तोंडाने सांगितलं. आमचं उत्तर पोचलं तेव्हा गुडिलाने ते दोनदा वाचलं, दिव्यावर धरून मागून पाहिलं, पुन्हा वाचलं. मग माणसांना म्हणाला, राजाचा शब्द आला, टिकायचं आहे. हिल्डेवारा ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला गेली, तापाने. अंगात काही उरलंच नव्हतं. एक तारखेला तो दुसरा ग्रीक आला. तीन तारखेला भिंत पडली. गुडिला दरवाज्यात होता.

तीनशेपैकी अकरा माणसं वाचली. त्यांत दोन मुलं.

एवढं सांगून नावाड्याने विचारलं, तुम्ही मासे खा असं का लिहिलं?

लुपिसिन खाली बसला आणि डोकं हातांत धरलं. वाल्डफ्रिड बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

माझा भाऊ गेला. लिहिल्यावर तरी नीट समजेल असं वाटलं होतं.

७ नोव्हेंबर.

सांगितलं.

सभेत उभा राहिलो. ठरवलेलं वाक्य आठवलं नाही. म्हणालो, मला वाचता येतं. आईने शिकवलं. गुडिलाचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं होतं.

आता तलवारी निघतील असं वाटलं. निघाल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी हललं नाही. एकजण खोकला. दारापाशी बसलेला एक सरदार जमिनीकडे बघत म्हणाला, 'ते माहीत आहे हो.'

मी म्हणालो, काय माहीत आहे?

वाल्डफ्रिड बोलला. रात्रीत खूप म्हातारा झालाय. मला 'राजे' म्हणाला नाही. म्हणाला, 'पोरा, तुझ्या बोटांना कायम शाई असते. प्रार्थनेने बोटं काळी होत नाहीत. सगळ्या सैन्याला ठाऊक आहे. आधीच्या राजाला वाचणाऱ्यांनी गंडवलं, तहाच्या पत्रात काय होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून या खेपेला आम्ही ठरवलं, वाचता येणारा पाहू. तूच एक होतास. नाहीतर तुला कशाला उचललं असतं?'

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

'गॉथ राजाला तोंडावर विचारायचं, तुला वाचता येतं का? म्हणजे भर सभेत त्याची अब्रूच काढायची की. तू झाकत होतास, आम्ही झाकू दिलं. लुपिसिन थापा मारतो हेही ठाऊक होतं. त्याचं कोण ऐकत होतं? आम्ही तुझ्या तोंडाकडे बघायचो. पत्र वाचलं जायचं तेव्हा तू मान डोलावलीस की समजायचं, खरं आहे. त्या दिवशी तू मान डोलावलीस. तरी माझं मन राहिना, म्हणून स्वप्नाच्या दिवशी येऊन विचारलं. आणखी कसं विचारायचं होतं मी?'

त्या दिवशी त्याने सोडलेला श्वास आठवला.

मला वाटलं होतं आता मारेल. त्याने मला खाली बसवलं आणि शेजारी बसला. म्हणाला, 'पत्र आहे ना तुझ्याकडे? वाच. आता तूच वाच.'

काढलं आणि वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत मोठ्याने वाचत होतो, आवाज फाटत होता. धान्य, घोडे, बाण, एक तारीख, शपथ. मग खालचा घरचा मजकूर. तिथे थांबलो. वाल्डफ्रिड म्हणाला, 'वाच.'

'हिल्डेवारा उभी राहिली की तिला भोवळ येते. आपल्या वाट्याचं मुलांना देते, ऐकत नाही. तिच्या वडिलांना हे सांगू नकोस दादा, म्हातारा कोणालाही न विचारता घोड्यावर बसून एकटाच इकडे यायला निघेल.'

वाल्डफ्रिड म्हणाला, 'परत वाच ते.'

परत वाचलं.

'परत.'

तिसऱ्यांदा वाचलं. मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'निघालो असतो रे.'